जेवण उशिरा झालं नव्हतं

१२ जून

प्रिय वहिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भाऊच्या फोनवर बोलले असते, पण तो फोन त्याच्या खिशात, खिसा दुकानात, आणि तुझ्याशी बोलायचं ते त्याच्यासमोर बोलण्यासारखं नसतं. तेव्हा आपली पत्रंच बरी.

खारू ठणठणीत आहे. वॉर्डात उभी राहून पाय सुजतात म्हणते. सगळ्याच शिकाऊ नर्सचे सुजतात. माझेही सुजायचे, आणि माझ्या वेळी कॉलेजात शिकवायला सख्खी आत्या नव्हती.

आता मुद्द्याचं. यंदापासून आमच्या वर्गासाठी मी ब्लॉग सुरू केलाय. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची उघडी वही समज. वॉर्डात दिवसभरात काय शिकलो, काय चुकलं, ते प्रत्येक मुलीनं संध्याकाळी लिहायचं. बाकीच्यांनी त्याखाली आपलं मत द्यायचं. मी त्यावर मार्क देते. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षकही येऊन वाचतात. प्राचार्य आधी नाक मुरडत होते. म्हणाले, "बाई, मुली आधीच फोनवर पडीक असतात, त्यात तुम्ही ते अभ्यासातच घालताय?" मी म्हटलं, "सर, पडीक आहेतच तर निदान पदरात काही पडू दे." हसले आणि सही केली.

बाकीच्या मुली पानंच्या पानं लिहितात. आणि तुझी लेक? "आज चादरी बदलल्या. ताप मोजले." संपलं! तार पाठवतेय की काय कुणाला? खाली कुणी मत द्यायचं तरी कशावर, चादरीवर? सगळ्यांत वर मी स्वतः ओळ टाकलीय: "इथे लिहिलेल्या चुकीबद्दल कुणालाही शिक्षा होणार नाही." तरी हिच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

भाची म्हणून मार्क वाढवले तर कॉलेज बोलेल, कमी दिले तर तू बोलशील. माझी दोन्हीकडून पंचाईत. तुझं ऐकते ती. सांग जरा.

तुझी,
वन्सं

२० जून

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि दोन दिवस तसंच ठेवून विचार करत होते. मी मॅट्रिक झालेली बाई, किराणा आणि दुधाचा हिशेब लिहिण्यापलीकडे माझं लिहिणं नाही. तरी मनात आलं ते लिहिते, राग मानू नये. चारचौघांत आपली चूक सांगायची हे मला काही केल्या पचेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही. त्यातून मुलीची जात.

पण मग वाटलं, आपण घरी वेगळं काय करतो? संध्याकाळी देवापुढे बसलो की दिवसातली एक चूक प्रत्येकानं मोठ्यानं सांगायची, हे मी खारू बोलायला लागल्यापासून चालवलंय. हेसुद्धा सांगतात. "आज गिऱ्हाइकावर उगाच ओरडलो," म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडतात, पण सांगतात. चूक बोलून टाकली की रात्री झोप लागते. तुमचा ब्लॉग तसाच असेल तर त्यात वाईट काय?

रविवारी ह्यांच्या फोनवरून तिच्याशी बोलले. म्हणाली, "आई, बाकीच्या चुका बनवून लिहितात गं. हातमोजे घालायला उशीर झाला, मग मला स्वच्छतेचं महत्त्व पटलं, असलं सगळं. मला बनवता येत नाही आणि खरं लिहायची भीती वाटते."

मी म्हटलं, "भीती कसली? वर आत्यानं लिहून दिलंय ना?"

"दिलंय."

"मग झालं तर. देवापुढे बोलतेस तसं लिही."

मग म्हणाली, "बरं."

आता तिच्या पाठीशी तुम्ही आहात. मी निर्धास्त आहे. पायांना रात्री कोमट पाण्यात मीठ घालून शेकायला सांगा, मलम विकत आणू नये म्हणावं.

तुमची,
वहिनी

९ जुलै

प्रिय वहिनी,

खारूनं लिहिलं! आणि काय लिहिलं! मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. एरवी माझ्या तासाला मागच्या बाकावर जी कुजबुज चालते ती पार थांबली. एकीनं डोळे पुसले. जिला मी मठ्ठ समजत होते ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग आम्हीपण खरं लिहायचं का?" बावीस वर्षं शिकवतेय, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तू तिला काय मंत्र दिलास कोण जाणे, पण लागू पडला. प्राचार्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वा, हे म्हणजे खरं प्रशिक्षण." वा म्हणणारा माणूस नाही तो.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांची कार्यशाळा आहे. ब्लॉगवरून कसं शिकवावं यावर मला बोलायचंय. दाखवायला याहून चांगला नमुना मला शोधून सापडला नसता. भाऊच्या फोनवर लिंक पाठवलीय. त्याला म्हणावं, रात्री दुकान बंद केलंस की बायकोच्या हातात दे जरा फोन, काही झिजणार नाही.

उपप्राचार्यांची जागा दिवाळखोराच्या तिजोरीसारखी कधीची रिकामी पडलीय हे तुला माहीतच आहे. देवाला सांग माझ्यासाठी. तुझं तो ऐकतो, माझं काही ऐकत नाही.

तुझी,
वन्सं

१७ जुलै

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

वाचलं. ह्यांनी फोन दिला आणि शेजारी बसून राहिले, मी काही बिघडवीन म्हणून. एकदा वाचलं, मग परत वाचलं. काही ओळी मला पाठच झाल्या:

"संध्याकाळी सात नंबरच्या आजींची साखर मी आठ नंबरच्या आजींच्या कागदावर लिहिली. त्या आकड्यावरून आठ नंबरच्या आजींना नको असताना इन्सुलिन गेलं. त्या घामाघूम झाल्या, हात थरथरू लागले. मोठ्या सिस्टर धावत आल्या, शिरेतून साखर दिली, आजी सावरल्या. मी मोठ्या सिस्टरांना माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, बोलू नकोस. कागदावर लिहिलं गेलं, जेवण उशिरा झाल्याने साखर उतरली. जेवण उशिरा झालं नव्हतं. मी स्वतः वेळेवर भरवलं होतं. आजी मला अजून बाळ म्हणतात."

शेवटच्या ओळीला मला हुंदका आला. हे म्हणाले, "रडतेस काय, बाई वाचली ना?" वाचली म्हणूनच रडू आलं, पण ते ह्यांना कुठे समजवत बसू?

वन्सं, मला एक भीती वाटते. यात खारू एकटी नाही, मोठ्या सिस्टर आहेत. त्यांना विचारून टाकलंय का हे? आपली चूक आपण सांगावी, दुसऱ्याची त्याची त्याला सांगू द्यावी, असं मी घरी शिकवलंय. पण इथे एकीची सांगितल्याशिवाय दुसरीची सांगताच येत नाही, हेही खरं. माझी बुद्धी पुढे चालत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघा.

आणि खाली एका बाईंनी लिहिलंय ते तुम्ही पाहिलंत का? "मी आठ नंबरच्या आजींची मुलगी. वॉर्डातल्या एका शिकाऊ मुलीनं हे वाचायला दिलं. डबा मीच नेत होते. माझा डबा उशिरा पोचला म्हणून असं झालं, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. आईला घरी आणलंय, ती बरी आहे. या मुलीला माझा आशीर्वाद सांगा."

मुलीच्या एका खऱ्या शब्दानं परक्या घरातलं भांडण मिटलं. मी देवापुढे साखर ठेवली. तुमच्या नावानंही ठेवली. जागा तुम्हालाच मिळो.

तुमची,
वहिनी

२ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

थोडक्यात लिहितेय. वेळ नाही.

खारूचं ते लिखाण कुणीतरी बाहेर पसरवलं. हॉस्पिटलच्या नावासकट फोनाफोनी फिरतंय. हॉस्पिटलवाले भडकलेत. त्यांचं म्हणणं, आमच्या वॉर्डातल्या गोष्टी तुमच्या मुली चव्हाट्यावर मांडणार असतील तर उद्यापासून एकही मुलगी शिकायला पाठवू नका. मोठ्या सिस्टरांना रजेवर पाठवलंय. कॉलेजनं चौकशी समिती नेमलीय. तोवर खारूला वॉर्डात जायला मनाई आहे.

मी आहे. काळजी करू नकोस. फक्त भाऊला इतक्यात काही सांगू नकोस, तो इथे येऊन आरडाओरडा करेल आणि होतं तेही बिघडेल. खारूलाही सांग, समितीपुढे कमी बोलावं.

वन्सं

८ ऑगस्ट

ती. वन्संना नमस्कार.

ह्यांना सांगू नकोस असं तुम्ही लिहिलंत, पण तुमचं पत्र यायच्या आधीच ह्यांना कळलं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणालं, "ही तुमच्या बहिणीच्या कॉलेजची भानगड ना?" ह्यांनी घरी येऊन तो मजकूर मला दाखवला.

कुणीतरी पसरवलं असं तुम्ही लिहिलंय. वन्सं, त्या मजकुराच्या वर तुमचा फोटो आहे. निळी साडी, कार्यशाळेतली. खाली तुमचे शब्द आहेत: "माझ्या विद्यार्थिनीचं धाडस. प्रत्येक शिक्षकानं वाचावं." त्याखाली हॉस्पिटलचं नाव. खारूनं नाव लिहिलंच नव्हतं, मला ओळी पाठ आहेत.

मी ह्यांना म्हटलं, अभिमानानं टाकलं असेल. हे म्हणाले, "अभिमानानं टाकलं तर आता 'कुणीतरी' कशी झाली?" याचं उत्तर तुम्हीच कळवा.

मग मी ब्लॉग उघडायला लावला. म्हटलं, सगळ्यांत वर तुमची ओळ आहे, ती समितीला दाखवली की प्रश्न मिटला. ओळ नाही. तिथे कॉलेजच्या इमारतीचा फोटो आहे. खारूचं लिखाण नाही. त्या आजींच्या मुलीनं लिहिलेलंही नाही.

ती ओळ कुणी काढली? आणि समितीनं तुम्हाला त्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?

पोरगी फोनवर नुसतं "हं, हं" करते. परवा म्हणाली, "आई, आत्या मला जिन्यात भेटली. घड्याळ बघत पुढे गेली." घाईत असाल असं मी तिला सांगितलं. घाईतच होतात ना?

तुमची,
वहिनी

१५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. वकिलाची नोटीस यापेक्षा गोड असते.

हो, मीच टाकलं. अभिमानानंच टाकलं. फोनवर माझ्या नावाखाली जी माहिती दिसते त्यात कॉलेजबरोबर हॉस्पिटलचं नाव आपोआप येतं, ते मी पाहिलं नाही. शंभर शिक्षकांनी वा वा केली, त्यातल्या कुणी पुढे काय केलं त्याला मी काय करू? करायला गेले एक आणि झालं भलतंच. ओळ मी काढली नाही, मला काढायला लावली. प्राचार्य शेजारी उभे होते. समितीनं विचारलं, ते आश्वासन होतं का? मी म्हटलं, ती शिकवण्याची एक पद्धत होती. हे खोटं नाही. तू म्हणशील, खरंही नाही. असेल. तुला घरात बसून, चार भिंतींत, देवापुढे खरं बोलायला काय जातं गं? तुझा देव काही चौकशी समिती नेमत नाही. मला इथे बावीस वर्षांची नोकरी आहे, मागे नवरा नाही, पुढे मूल नाही. तुम्हा सगळ्यांच्या अडीनडीला याच नोकरीचा आधार होता, हे विसरू नकोस.

असो. आता कामाचं. मी खूप खटपट करून एक मार्ग काढलाय. खारूनं एका कागदावर सही करायची: "सदर प्रसंग काल्पनिक असून लेखनाच्या सरावासाठी रचलेला होता. प्रत्यक्षात असे काहीही घडलेले नाही." हॉस्पिटल तेवढ्यावर समाधानी आहे. मोठ्या सिस्टर कामावर परत येतील. खारू पुढच्या सोमवारपासून वॉर्डात. तिचं वर्ष वाचेल. नाही तर नाव कमी करतील, आणि एकदा या कारणानं नाव कमी झालं की दुसरं कुठलंही कॉलेज तिला दारात उभं करणार नाही. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "घडलंय ना पण." एवढंच. तिला घरी पाठवतेय. तू समजाव.

कुणाचंही यात नुकसान नाही. आजी बऱ्या आहेत.

वन्सं

२३ ऑगस्ट

ती. वन्संना नमस्कार.

सही झाली. कागद खारूबरोबर पाठवलाय, हे पत्र मागून येईल. काम झाल्याशी तुम्हाला मतलब. तरी कसं झालं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

आली ती आल्यापासून भांडी घासत होती. घासलेलीच परत घासत होती. ह्यांनी तिला जवळ बोलावलं. "सही करून टाक. जगात सगळे करतात. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती, वन्सं. बाप काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. आई काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "आत्या सांगते तसं कर."

"आई, तूच म्हणालीस ना, देवापुढे बोलतेस तसं लिही?"

"म्हणाले."

"मग आता घडलंच नाही म्हणून लिहू?"

"देवाला ठाऊक आहे घडलं ते. कागदाचं काय एवढं?"

"आणि आजींची मुलगी? तिला परत वाटेल डबा तिचाच उशिरा झाला. भाऊ परत बोलणं टाकेल तिच्याशी."

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "तिचं ती बघेल. तू तुझं बघ."

हे मी म्हटलं. खारूनं हात पुसले, पेन आणलं आणि तिथेच ओट्यावर कागद ठेवून सही केली. ओटा ओला होता, कागदाला एक कोपरा भिजल्याचा डाग आहे, तेवढा समितीनं चालवून घ्यावा.

संध्याकाळी देवापुढे बसलो. हे म्हणाले, नोकराला टाकून बोललो. माझी पाळी आली, मी नुसते हात जोडले. तिची पाळी आली. म्हणाली, "आज माझं काही चुकलं नाही." शांतपणे म्हणाली. मला वाटलं पुढे काही बोलेल. उठून पानं घ्यायला गेली.

तुम्ही विचारलंत, घरात बसून खरं बोलायला काय जातं. काही जात नव्हतं, खरंच. ते तुमचं बरोबर होतं. आता कळलं काय जातं ते.

नोकरीचा आधार आम्ही विसरलेलो नाही. ह्यांच्या आजारपणात तुम्ही पाठवलेलं सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. फेडत आलेय, उरलंसुरलं फेडीन. पण या सहीची बाकी त्यात धरू नका. ती फिटली तरी कशी फेडायची?

वहिनी

३ मार्च

प्रिय वहिनी,

किती महिन्यांनी लिहितेय. तूही लिहिलं नाहीस. हिशेब बरोबर.

आनंदाची बातमी आहे, दोन आहेत. एक, उपप्राचार्यांच्या खोलीबाहेर आता माझी पाटी आहे. खोलीत खुर्ची मोडकी आहे आणि पंखा कण्हतो, पण पाटी पितळेची आहे.

दुसरी जास्त महत्त्वाची. ब्लॉग परत सुरू झाला. आता मुली लिहितात, आधी मी वाचते, मग प्राचार्य वाचतात, मग चढवतो. कसली तक्रार नाही. हॉस्पिटलवालेसुद्धा वाचून खाली आवडल्याचा अंगठा दाबतात. वर्षातल्या उत्तम लेखनाला यंदा बक्षीस ठेवलं आणि ते तुझ्या लेकीला मिळालं! परीक्षक बाहेरचे होते, माझा त्यात हात नाही, शपथ. "प्रांजळ आत्मपरीक्षण" असा शेरा आहे. खारू इतकं सफाईदार लिहायला लागलीय की माझा विश्वास बसत नाही. नव्या मुली तिच्याकडून तपासून घेतात. परवा एक नवी पोरगी तिला विचारत होती, "ताई, माझ्या हातून खरंच एक चूक झालीय, लिहू का?" मी दाराशीच होते. खारू म्हणाली, "खरी नको. खऱ्यासारखी लिही, मी दाखवते कशी." मला हसू आलं. शहाणी झाली पोरगी.

लिखाणाची छापील प्रत सोबत आहे. नक्की वाच, तू आहेस त्यात. वाचून अभिमान वाटेल. भाऊच्या फोनवरही पाठवलंय, खाली अंगठा दाब, नातेवाइकांचे चालतात.

झालं गेलं विसर आता. आपलेच दात, आपलेच ओठ. सुट्टीत येऊ का तुझ्याकडे?

तुझी,
वन्सं

२१ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

पाटी मिळाली, बरं झालं. मी देवाला तुमच्यासाठी सांगितलं होतं, तेव्हा आता कुरकुर करायला मला तोंड नाही.

लिखाण वाचलं. एका आजोबांची उशी तिनं नीट ठेवली नाही म्हणून त्यांची मान अवघडली. मग ती घरी येऊन रडली. मग आई म्हणजे मी. मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "बाळ, खरं सांगणाऱ्याचं देव कधी वाईट होऊ देत नाही. जा आणि त्या आजोबांची क्षमा माग." मग ती गेली. आजोबा हसले.

छान आहे. आपल्याकडच्या कुणालाही वाचून दाखवलं तरी डोळ्यांत पाणी येईल. ह्यांच्या आलं. म्हणाले, "हे तू कधी म्हणालीस गं तिला?"

मी कधीच नाही म्हणाले. कुठले आजोबा आणि कुठली उशी. मी काय म्हणाले होते ते तुम्हाला ऑगस्टमध्ये लिहून कळवलंय. खारूलाही ते आठवतं, म्हणून तर तिनं ते तसं लिहिलं नाही. जी आई तिला त्या दिवशी हवी होती तीच तिनं लिहून काढली आणि त्यावर बक्षीस आणलं. मी तिला एकदाही विचारलं नाही, हे असं का लिहिलंस म्हणून. तिनं विचारलं, "आई, आवडलं?" मी म्हटलं, "छान लिहिलंस." अंगठाही दाबला. ह्यांनी दाखवलं कुठे दाबायचा ते.

गेल्या आठवड्यात ती चार दिवस घरी होती. मला ताप आला होता. अंथरुणाशी आली, कपाळाला हात लावला, नाडी पाहिली. हात किती हलका झालाय तिचा, वन्सं. तुम्ही चांगलं शिकवलंत, ते नाकारणार नाही. आतून गोळी घेऊन आली, माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली.

माझ्या पोटची पोर. आजवर हिच्या हातचं मी डोळे मिटून खाल्लंय.

मी म्हटलं, "पाकीट कुठंय?"

"आत आहे. तापाचीच आहे गं."

"आण बघू."

तिनं आणलं. मी चष्मा मागितला. तोही दिला. मी पाकीट उजेडात धरलं, नाव वाचलं, तारीख वाचली, गोळी त्यातल्या गोळीशी जुळवून पाहिली. वेळ लागला, तापानं अक्षरं हलत होती.

रागावली असती, आई, माझ्यावर विश्वास नाही का म्हणाली असती, तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. ती रागावली नाही. माझं वाचून होईपर्यंत पेला धरून उभी राहिली.

सुट्टीत यायचं तर या. घर तुमच्या भावाचं आहे.

वहिनी